डोळ्यातले कुसळ आणि डोळ्यातले मुसळ

आषाढातल्या एखाद्या रविवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्याने निघावे आणि नसरापूरहून आत वळावे. पुढे वेल्ह्यापर्यंत रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, पाठीवर सॅक अडकवून राजगड-तोरण्याच्या वाटेला लागलेली तरुण मंडळी. दुसरी, खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून, कमरेत वाकून भाताची रोपे लावणारी बायामाणसे. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे भाताचे आगर. पावसाळ्यात ते पुणेकरांचे सहलीचे अंगणही होते. (वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) या दोन प्रकारच्या माणसांचा एकमेकांशी संबंध येतो तो वाट विचारण्यापुरता, नाहीतर पिठले-भाकरीपुरता.

आजचा विषय मात्र या दोघांना एकाच बाकावर आणून बसवणारा आहे. तो बाक म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला.

समजा, त्या दिवशी खाचरात एका बाईच्या डोळ्याला रोपाचे पाते लागले. तिने पदराने डोळा पुसला, बांधावरच्या पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा कामाला लागली. समजा, त्याच वेळी गडाच्या चढावर एका मुलीच्या डोळ्यात कण गेला आणि कॉन्टॅक्ट लेन्स खुपू लागली. तिने लेन्स बोटावर काढली, बाटलीतल्या पाण्याने खळबळली, पाणी संपले होते तर जिभेवर ओली केली, आणि पुन्हा डोळ्यात बसवली. संध्याकाळी दोघींचाही डोळा लाल. दोघीही म्हणणार, ‘होईल उद्यापर्यंत बरा.’ दुसऱ्या दिवशी दोघींच्याही घरचे कोणीतरी औषधाच्या दुकानातून थेंब आणणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा कुठे धावाधाव सुरू होते.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. डोळ्याच्या दुखण्याबाबत ती अक्षरशः खरी ठरते. डोळ्यातला कण जिभेने काढणारी खेड्यातली म्हातारी, डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घालणारी माणसे यांच्या अज्ञानाबद्दल आपण शहरात बसून हळहळतो. पण लेन्स जिभेवर ओली करून डोळ्यात घालणारी पदवीधर मुलगी नेमके तेच करत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

अर्ध्या मिलिमीटरची तटबंदी

बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्याला वैद्यकात पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. प्रकाश आरपार जायचा म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. रक्त नाही म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही तिथे पोचायला वेळ लागतो. मग रक्षण कोण करते? पापण्यांची उघडझाप, अश्रू आणि पारपटलाच्या बाहेरचा पेशींचा पातळ थर. अश्रूंत जिवाणूंची भिंत फोडणारे लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते १९२२ साली शोधून काढले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, म्हणजे पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांनी.

हवेतले, हातावरचे, पाण्यातले जिवाणू डोळ्यावर रोजच येतात आणि रोज धुऊनही जातात. बाहेरचा थर शाबूत असेल तोवर बहुतेकांची डाळ शिजत नाही. मात्र या थरावर ओरखडा पडला की तटाला खिंडार पडते. ओरखडा स्वच्छ असेल तर तो एक-दोन दिवसांत भरूनही येतो. पण त्याआधी जंतू आत शिरले तर तिथे व्रण होतो. व्रण पुढे बरा झाला तरी त्याच्या जागी पांढरा वण राहतो. आपण ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो ते हेच. फूल कडेला असेल तर निभावते. बरोबर मध्ये असेल तर त्या डोळ्याची नजर गेली म्हणून समजावे. आणि हे सारे किती वेगाने व्हावे? स्यूडोमोनास नावाचा जिवाणू आहे. तो पाण्यात, ओलसर जागी, न्हाणीघरात, कुठेही मजेत राहतो. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या गंभीर संसर्गात तो जगभर आघाडीवर आहे. तो एकदा पारपटलात घुसला की एक-दोन दिवसांत पडदा विरघळवू शकतो.

लेन्सचा हिशेब

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ही चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांची देणगी. १९६१ च्या नाताळात मुलाच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचे यंत्र जुळवून त्यांनी घरीच पहिल्या लेन्स पाडल्या. १९७१ साली अमेरिकेत तिला विक्रीची परवानगी मिळाली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडे एकेकाळी ती चैनीची वस्तू होती. आता ती घरबसल्या मागवता येते, महाविद्यालयातली मुले सर्रास वापरतात, आणि लग्नसमारंभापुरत्या रंगीत लेन्स लावणारेही आहेत. नंबर नाही म्हणून डॉक्टरांना विचारायचे नाही, असा या रंगीत लेन्सचा खाक्या असतो. खरे तर डोळ्याला टेकणारी कोणतीही लेन्स जिवाणूंच्या दृष्टीने सारखीच.

लेन्स धोक्याची आहे का? १९८९ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो. रोज रात्री काढून ठेवण्याची मऊ लेन्स वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे ४ जणांना पारपटलाचा व्रण झाला. लेन्स घालूनच झोपणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २१ होते, म्हणजे पाचपट. पुढे प्राणवायू अधिक जाऊ देणाऱ्या नव्या लेन्स आल्या. आता घालून झोपायला हरकत नाही, असे अनेकांना वाटले. पण २००८ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात घालून झोपणाऱ्यांचा धोका जवळपास तेवढाच निघाला. दहा हजारांत चार हा आकडा काही घाबरून जाण्यासारखा नाही. नीट वापरली तर लेन्स ही सोयीची गोष्ट आहे. पण हा धोका बराचसा आपल्याच हातात असतो, हे त्या पाचपटीवरून कळते.

डबीकडे पाहा. लेन्स ठेवण्याच्या डबीत जिवाणू एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर धरतात. पाण्याच्या हौदाच्या कडेला धरतो तसाच. एकदा हा थर धरला की वरून घातलेले औषधी द्रावण आतल्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही. कालचे द्रावण न ओतता त्यातच थोडे नवे घालायचे, ही काटकसर तर सर्वांत महागात पडते. २००६ साली एका बड्या अमेरिकी कंपनीला आपले लेन्सचे द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले. ते वापरणाऱ्यांत फ्युजेरियम नावाच्या बुरशीचे व्रण आढळू लागले होते. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री पटली होती. नव्या बाटलीत बुरशी नव्हती. पण घरोघरच्या वापरात, डबीत पुन्हापुन्हा राहून, त्या द्रावणाची बुरशी मारण्याची ताकद टिकत नव्हती.

पाणी: पिण्याचे आणि डोळ्याचे

लेन्स आणि पाणी यांचे वैर आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. नळाच्या पाण्यात, टाकीत, विहिरीत, तळ्यात, मातीत अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. तो पोटात गेला तर सहसा काही बिघडत नाही. मात्र लेन्सवर बसून पारपटलाच्या ओरखड्यात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात, कारण संकटात तो स्वतःभोवती कवच करून बसतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला हे कवच दाद देत नाही. पाणी पिण्याला चांगले म्हणून लेन्सला चांगले, हा हिशेब इथेच चुकतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, रोज फेकून द्यायच्या लेन्सच्या मानाने पुन्हापुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांना या संसर्गाचा धोका जवळजवळ चौपट असतो. लेन्स घालून आंघोळ केल्यानेही तो वाढतो.

पावसात गड चढणारी, धबधब्याखाली भिजणारी, गडावरच्या टाक्यातल्या पाण्याने तोंड धुणारी लेन्सधारी मंडळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमजेल.

पण या जीवाची दुसरीही बाजू आहे. पाश्चात्त्य देशांत त्याचे बहुतेक रुग्ण लेन्स वापरणारे असतात. भारतात मात्र बहुतेक रुग्णांनी आयुष्यात लेन्स पाहिलेलीही नसते. ते शेतात राबणारे असतात. जो जीव लंडनमध्ये न्हाणीघराच्या नळातून लेन्सवर चढतो, तोच आपल्याकडे चिखलातून, पाटाच्या पाण्यातून, मातीच्या कणाबरोबर डोळ्यात जातो. लेन्स हे नुसते वाहन. ओरखडा आणि घाण पाणी एकत्र आले की वाहन कोणते, याला फारसे महत्त्व उरत नाही.

खाचरातला डोळा

शेतकऱ्याच्या डोळ्याला वर्षातून दोनदा मोठा धोका असतो. आषाढात लावणीच्या वेळी पाते आणि चिखल. दिवाळीच्या पुढेमागे कापणी-मळणीच्या वेळी तूस, धूळ आणि गवताचे कुसळ. १९९० च्या दशकात तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा वर्षाला दर लाख माणसांत ११३ जणांना पारपटलाचा व्रण होतो असे दिसले. अमेरिकेतल्या एका परगण्यात हाच आकडा ११ होता. अमेरिकेत लेन्स वापरणारे कितीतरी अधिक. तरीही व्रण दहापट आपल्याकडे.

शिवाय आपल्या व्रणांची जातही वेगळी. मदुराईच्याच १९९७ सालच्या अभ्यासात जिवाणूंचे आणि बुरशीचे व्रण जवळपास निम्मे निम्मे निघाले. पिकावरची, पेंढ्यावरची, मातीतली बुरशी कुसळाबरोबर थेट डोळ्यात रुजते. जिवाणूंवरची औषधे तिच्यावर चालत नाहीत. तिच्यासाठी नॅटामायसिनसारखे वेगळे थेंब लागतात. कोणता व्रण कशाचा हे नुसत्या नजरेने ठरवणे कठीण. व्रणाचा कण हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तपासणी स्वस्त आहे, पण ती करणारा तज्ज्ञ हाताशी हवा.

वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण पारपटलाचा तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा म्हटले की शेवटी पुणेच. वेल्ह्याच्या पलीकडच्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून, किंवा भोरच्या हिरडस मावळातून आधी तालुक्याची एसटी आणि मग स्वारगेटची. लावणी चार दिवसांवर आलेली असते आणि पाऊस थांबत नाही. घरातली बाई एका लाल डोळ्यासाठी हा प्रवास करत नाही. आणि आली तर चौथ्या दिवशी येते. गडावर गेलेल्या मुलीला कोथरूडला परतल्यावर दहा मिनिटांच्या अंतरावर तज्ज्ञ असतो. चूक दोघींची सारखीच असेल, पण चुकीची किंमत सारखी नसते.

मोजणीतून निसटलेले

आता सरकारी आकड्यांकडे वळू. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा सारा भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यही होते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळेच अंध होते. पण त्याच सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या माणसांचा हिशेब पाहिला तर चित्र उलटे दिसते. तिथे पहिला क्रमांक पारपटलाच्या अपारदर्शकतेचा, ३७.५ टक्के. म्हणजे कमावत्या, राबत्या वयात नजर घालवणारे सर्वांत मोठे कारण हे आहे.

आणि हा आकडाही पुरा नाही. अंध कोणाला म्हणायचे, तर ज्याच्या दोन डोळ्यांपैकी बऱ्या डोळ्यानेही तीन मीटरवरची बोटे मोजता येत नाहीत त्याला. ज्याचा एक डोळा व्रणाने गेला आणि दुसरा चांगला आहे, तो या व्याख्येत बसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००१ साली आलेल्या लेखात असा अंदाज होता की, डोळ्याच्या इजा आणि पारपटलाचे व्रण यांमुळे जगात दरवर्षी १५ ते २० लाख माणसे एका डोळ्याने अंध होतात. कोयता चालवणाऱ्या, दगडी बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या माणसाला एका डोळ्याचे जाणे म्हणजे काय, हे त्यालाच विचारावे. पण सरकारी मोजणीत तो डोळस असतो. जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसाही मिळत नाही.

दुकानातले थेंब

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ उसळली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. रुग्णांची संख्या काही लाखांवर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत अॅडिनोव्हायरस सापडला. विषाणूचे दुखणे, प्रतिजैविकाने काही बरे होणार नव्हते. बहुतेकांचे ते आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे झाले. पण श्रेय गेले दुकानातल्या थेंबांना! दर पावसाळ्यात ही साथ कमीअधिक येते आणि दर पावसाळ्यात ‘लाल डोळा म्हणजे डोळे आले, आणि डोळे आले म्हणजे ते थेंब’ हे समीकरण पक्के होते.

या थेंबांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि सूज झटकन ओसरते, माणसाला बरे वाटते. पण डोळ्यात बुरशी असेल तर स्टेरॉइडने रान मोकळे मिळते. लाली उतरते आणि आत व्रण पसरत राहतो. कायद्याने असे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ‘मागच्या वेळचीच बाटली द्या’ एवढे म्हटले तरी काम होते, हे आपण सर्व जाणतो; भोरच्या बाजारपेठेत आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर यात फरक नाही.

फरक ओळखायचा तर खुणा सोप्या आहेत. साथीचे डोळे सहसा एकापाठोपाठ दोन्ही येतात, चिकट पाणी येते, खाजते; पण पुसल्यावर नीट दिसते. व्रण सहसा एकाच डोळ्यात असतो. दुखणे फार, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसते आणि बुबुळावर पांढरा ठिपका येतो. लेन्स वापरणाऱ्याने मात्र ठिपक्याची वाट पाहू नये. त्याचा लाल, दुखरा डोळा हा डॉक्टरांनी तपासेपर्यंत व्रणच समजावा.

भक्तपूरचा धडा

यावर उपाय आहे का? नेपाळमधल्या भक्तपूर परिसरात काही वर्षांपूर्वी एक साधा प्रयोग झाला. सुमारे ३५ हजार लोकवस्तीत गावातल्याच ८१ कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. डोळ्याला लागले की लगेच त्यांच्याकडे जायचे. ओरखडा दिसला तर क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. दोन वर्षांत असे ४४२ ओरखडे आले. त्यांतले ९६ टक्के संसर्ग न होता बरे झाले. ज्यांना इजेनंतर १८ तासांच्या आत मलम मिळाले, अशा २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

पुढे नेपाळमध्येच याहून मोठा आणि काटेकोर प्रयोग झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, गावोगाव स्वयंसेविका नेमल्याने एकूण व्रणांचे प्रमाण घटले असे दिसले नाही. या दोन निष्कर्षांत विसंगती वाटेल. आमच्या मते त्यांचा मेळ असा लागतो: वेळेत मिळालेले मलम काम करते, पण मलम गावात ठेवले म्हणून जखमी माणूस वेळेत येतोच असे नाही. त्याला यावेसे वाटायला हवे. त्यासाठी आधी त्याला हे कळायला हवे की, डोळ्यातले कुसळ म्हणजे पायातला काटा नव्हे.

भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांत आशा कार्यकर्त्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. लावणी आणि मळणी या दोन हंगामांपुरते तरी डोळ्याची इजा ही सर्पदंशासारखी तातडीची मानली, त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहून मलम दिले, दुसऱ्या दिवशी बरे नसेल त्याला थेट पुण्याला पाठवले, तर यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. मळणीच्या वेळी साधा, बिननंबरी चष्मा वापरला तरी पुष्कळ डोळे वाचतील. खत, चुना किंवा फवारणीचे औषध डोळ्यात गेले तर मात्र कशाचीही वाट न पाहता हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धूत राहावे आणि मग दवाखाना गाठावा.

लेन्स वापरणाऱ्यांना सांगायचे ते याहून थोडे. हात धुऊन कोरडे केल्याशिवाय लेन्सला शिवू नये. ती पाण्याने धुऊ नये, थुंकीने तर नाहीच. झोपताना, पोहताना, आंघोळीला जाताना काढावी. डबीतले द्रावण रोज ओतून द्यावे, डबी कोरडी करावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. गडावर जायचे तर चष्मा लावावा. पावसात काचांवर थेंब साचतात, धुके बसते, हे खरे. पण त्या धुक्यापलीकडे तोरणा दिसतो. डोळ्यात एकदा फूल पडले की पुढे साऱ्या जन्माचे धुके.

खाचरातल्या बाईला दवाखाना दूर आहे, हातातले काम सोडता येत नाही, आणि हे तिला कोणी सांगितलेलेही नाही. तिची अडचण व्यवस्थेने दूर करायची आहे. आपल्याला दवाखाना जवळ आहे, वेळ आहे, वाचायला वर्तमानपत्र आहे. तेव्हा तिच्या डोळ्यातल्या कुसळाबद्दल बोलण्यापूर्वी आपण आपली लेन्सची डबी उघडून पाहिलेली बरी.